पितळी रिव्हॉल्व्हरची अदलाबदल

त्या तक्रारीची आठवण निघाली की मला अजूनही हसू येतं आणि मागोमाग भरूनही येतं. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. इंजिनीअरिंग शिकायला म्हणून मी अमेरिकेत आलो आणि ओहायोत, डब्लिनजवळच्या एका छोट्या पोलीस ठाण्यात डिटेक्टिव्ह झालो. पुण्यातले नातेवाईक बरीच वर्षं मला इंजिनीअरच समजत होते. मीही कुणाचा गैरसमज दूर केला नाही.

ऑक्टोबरातल्या एका सकाळी ठाण्यात फोन आला. आमच्या महाराष्ट्र मंडळातले एक डॉक्टर, माझ्याहून वयाने मोठे. आवाज चढलेला. "अरे, माझं रिव्हॉल्व्हर स्विच केलंय! ओरिजिनल उचललं आणि डुप्लिकेट ठेवलं. तू ताबडतोब ये."

डॉक्टरांना जुन्या रिमफायर रिव्हॉल्व्हरांचा भारी नाद. काडतुसाच्या बुडाच्या कडेवर घोडा आपटून बार उडवणारी ही एकोणिसाव्या शतकातली खिशात मावणारी हत्यारं. त्यांची काडतुसं बनणं केव्हाच बंद झालं होतं, त्यामुळे धोका काही नव्हता. पण शौकीन लोक त्यांच्यासाठी जीव टाकत. भाव ठरायचा तो मूळ रंगावर. पितळेवर काळानं चढलेला तपकिरी थर जितका शाबूत, तितकी किंमत जास्त. डॉक्टरांनी माझ्यापुढे ठेवलेलं रिव्हॉल्व्हर मात्र समईसारखं लखलखत होतं.

"कुणी पॉलिश तर केलं नसेल?" मी विचारलं.

"माझ्या घरात? कपाटाला हात लावायचा नाही, हे सगळ्यांना माहितीये. तो म्हाताराच. इन्शुरन्ससाठी व्हॅल्युएशन करायला गेल्या महिन्यात त्याच्याकडे दिलं होतं. परत आणलं ते बॉक्ससकट कपाटात ठेवलं आणि आज उघडतोय. रविवारी गन शो आहे, तिथे सगळ्यांसमोर सांगणार मी."

म्हातारा म्हणजे शहरातला जुन्या बंदुकांचा व्यापारी. बायको गेलेली, मुलं दूर. डॉक्टरांना हा शौक लावला त्यानंच, आणि दर शनिवारी दोघं दुकानात तासन्तास बसत. खऱ्याखोट्याची पारख करणाऱ्या माणसाची पुंजी म्हणजे त्याचा शब्द. गन शोमध्ये, म्हणजे बंदुकांच्या शौकिनांच्या बाजारात, डॉक्टरांनी तोंड उघडलं असतं, तर त्या माणसाकडे पुन्हा कुणी काही तपासायला दिलं नसतं. रविवारच्या आत छडा लावणं भाग होतं.

रिवाजाप्रमाणे घरात कोण कोण असतं ते विचारलं.

"मी, बायको आणि सासूबाई. साताऱ्याहून आल्यात. त्यांना यातलं काही बोलू नकोस हं. चोरीबिरी ऐकलं की घाबरतील."

सासूबाईंनी चहा-चिवडा दिला, मला बारीक झालास म्हणाल्या. मी चोरीचा विषय काढला नाही.

व्यापाऱ्याला ठाण्यात बोलावलं, डॉक्टरांनाही. खोटं बोलणारा माणूस सहसा खूप बोलतो. हा गप्प होता. कॉफी तशीच निवत होती, आणि तो सारखा डॉक्टरांकडे बघत होता, डॉक्टर मात्र भिंतीकडे. शेवटी म्हणाला, "मला ते हातात द्या."

सुती हातमोजे घालून त्यानं मुठीचा स्क्रू काढला, लाकूड अलगद सोडवलं. आतलं पितळ तपकिरीच होतं. त्यावर मूळ नंबर.

"नंबर काय, कुणीही ठोकतो," डॉक्टर म्हणाले.

व्यापाऱ्यानं गोळ्यांचं चाक फिरवलं आणि टेबलावर हलकेच आपटलं. एका भोकातून लालसर काहीतरी पडलं. तांदळाचा दाणा.

"तुझ्या घरात उंदीर आहेत का?" त्यानं विचारलं.

मी दाणा बोटावर घेतला. कुंकू लावलेली अक्षता. डॉक्टरांनी आणि मी एकमेकांकडे पाहिलं.

"डॉक्टर, खंडेनवमीला तुम्ही कुठे होतात?"

"शिकागोला... कॉन्फरन्सला," असं म्हणता म्हणता ते खुर्चीत बसलेच.

शस्त्रांची पूजा म्हणजे काय, ते मी व्यापाऱ्याला सांगितलं. डॉक्टर उठले, हात पुढे करून सॉरी म्हणाले. त्यानं तो हात लगेच घेतला नाही. "आधी माझ्याशी बोलायचं होतंस," एवढंच म्हणाला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "मला त्या बाईंना भेटायचंय."

आम्ही तिघं घरी गेलो. सासूबाईंना मी सरळच विचारलं.

"मीच केलं की!" त्या खुशीत म्हणाल्या. "घरात शस्त्र आहे आणि खंडेनवमीला पूजा नाही, असं कसं चालेल? जावईबापू गावाला. पितळ किती रे काळवंडलं होतं! चिंच लावून घासघास घासलं, हात भरून आले बघ. हे यातले जाणकार ना? विचार ना त्यांना, आता भाव वाढला असेल?"

मी भाषांतर केलं. डॉक्टर खाली बघत होते. व्यापाऱ्यानं रिव्हॉल्व्हर खिडकीपाशी नेलं, उजेडात फिरवून पाहिलं. भाव कोसळला होता, हे त्या खोलीत त्याच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं.

"यांना सांग," तो म्हणाला, "माझ्या हाताखालून पुष्कळ रिव्हॉल्व्हरं गेली. पण ज्याची कुणी पूजा केलीय असं हे पहिलंच."

मी सांगितलं. सासूबाई पदर सावरत म्हणाल्या, "मग बाकीची उद्या घासायला काढते."

हेही मी इमानेइतबारे इंग्रजीत सांगितलं. दोघंही एका सुरात "नो!" म्हणून ओरडले आणि मग व्यापारी इतका हसला, की त्याला डॉक्टरांच्या खांद्याचा आधार घ्यावा लागला. तो हात त्यानं बराच वेळ तिथेच ठेवला. मला फार बरं वाटलं.

नंतर पुष्कळ केसेस केल्या. वस्तू गायब झाली, की तिच्यावर कुणाचा डोळा होता हे पोलीस पहिल्यांदा विचारतो, आणि विचारायलाच हवं. मी मात्र त्या दिवसापासून आणखी एक प्रश्न विचारू लागलो: या घरात सगळ्याची काळजी कोण घेतं? उत्तर द्यायला बहुतेक वेळा कुणीतरी स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर यायचं.