पियानोला बटन नसतं

मेहकरला बसस्टँडच्या मागे माझा क्लास आहे. बोर्डावर मोठ्या अक्षरांत 'पियानो' लिहिलंय, पण आत पियानो नाही. चार कीबोर्ड आहेत, त्यातल्या एकाच्या दोन पट्ट्या मुक्या. खरा पियानो मी आयुष्यात दोनदा वाजवला, तोही आसपास कुणी नाही हे पाहून. पण 'कीबोर्ड' लिहिलं तर चौकशीलाही कुणी फिरकत नाही, आणि 'पियानो' लिहिलं की पोरं आईबापाला ओढत आणतात. मोबाइलच्या जमान्यात या वाद्याची ओढ उरलीय का, असं कुणी विचारलं की मी सांगायचो, उरलीय, पण आठ दिवसांची. आठ दिवसांत वाढदिवसाचं गाणं बसलं नाही, रील निघाली नाही, की नवव्या दिवशी पोरगं गायब.

म्हणून मी सगळ्यांना ट्रान्सपोजचं बटन शिकवायचो. पूर्वी ऑर्केस्ट्रात वाजवायचो, तेव्हा मी स्वतः त्याच बटनावर निभावून नेलं. गाणारा कितीही वरच्या नाहीतर खालच्या सुरात गाऊ दे, बटन दाबून कीबोर्ड त्याच्या सुराला आणायचा. बोटं मात्र कायम त्याच पांढऱ्या पट्ट्यांवर.

जानेफळहून एक मुलगी यायची. बी.ए. झालेली, घरची शेती. परतीची एसटी चुकली तरी उठायची नाही. रील तिने कधी काढली नाही. पहिल्याच महिन्यात बुद्धवंदना स्वतःच्या कानाने बसवून आणली होती. एकदा तिने विचारलं, "सर, ह्या काळ्या पट्ट्या आपुन काऊन वाजवत नाही?"

"बटन आहे ना," मी म्हणालो. "काऊन उगाच डोक्याले ताप?"

"मले शिकाचंच आहे सर. टाइम लागला तरी चालते."

मी हसण्यावारी नेलं. काळ्या पट्ट्यांना जुंपली तर हीसुद्धा महिन्याभरात पळेल, असं मी धरूनच चाललो होतो. आणि दुसरं कारण लिहायला लाज वाटते. तिथे माझा स्वतःचाच हात कच्चा होता. तिला शिकवायचं तर आधी मला रियाजाला बसावं लागलं असतं.

दोन वर्षांनी संभाजीनगरच्या एका शाळेत संगीत शिक्षिकेची जागा निघाली. येताना पेढे आणते, असं सांगून ती मुलाखतीला गेली. तिथल्या हॉलमध्ये खरा पियानो होता. मुलींनी प्रार्थना सुरू केली आणि हिला साथ करायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ती रिकाम्या हाताने आली.

"सूर मले लगेच समजला सर, दुसऱ्या काळ्या पट्टीचा, काळी दोन. पण बटनच सापडे ना. डाव्या अंगाले पाह्यलं, झाकणाखाली पाह्यलं. पोरी गाऊन राह्यल्या अन् मी बटन हुडकून राह्यली. मागून समजलं, खऱ्या पियानोले बटनच नसते. तुम्हाले माहीत होतं का हो सर?"

तिच्या तोंडाकडे बघून कळत होतं, हिला कोणतं उत्तर हवंय ते. आणि मलाही तेच सोयीचं होतं.

"नाही," मी म्हणालो.

तिला हायसं वाटलं. "मंग जाऊ द्या सर. तुम्हाले तरी कोण सांगणार होतं?"

तिची जागा माझ्यामुळे गेली, आणि वर मलाच तिने समजावलं. मग ड्रॉवरमधली चिकटपट्टी काढून तिने कीबोर्डच्या त्या बटनावर लावली आणि माझ्या शेजारी खुर्ची ओढली.

तेव्हापासून आम्ही दोघं काळी दोन गिरवतो. तिची बोटं माझ्याआधी बसली. माझं बोट चुकलं की ती थांबते, आणि मला वाईट वाटू नये म्हणून म्हणते, "होते सर. आपुन दोघंही नवे आहो."

मी मान डोलावतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो.