सुलभाची चूक

जंगलात अळंबी दिसली की सुलभा आधी तिच्याकडे पाठ करायची आणि झाडाकडे बघायची. साल खरवडायची, पान चुरगळून हुंगायची, मान वर करून फांद्या न्याहाळायची. खोडाला फळी ठोकल्यासारखी वाढणारी ती कडक, लाकडी अळंबी जणू तिच्या गावीच नसे. आम्ही बाकीचे घामाघूम होऊन ताटकळत उभे. कोणी घाई केलीच तर म्हणायची, "शांती राख ने. आधी यजमान कोण ते विचारावं, मग पाहुण्याचं नाव."

आम्ही दोघी बडोद्याच्या एकाच कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचो. शिकलोही एकत्र, एकाच सरांच्या हाताखाली, आणि मार्क मला जास्त. तरी जंगलखात्याचा माणूस पिशवीत अळंबी घेऊन आला की माझ्या टेबलावरून सरळ पुढे जायचा आणि "सुलभाबेन छे?" म्हणून विचारायचा. मी हसून बोट दाखवायचे. आतून मात्र जळफळाट व्हायचा. तिचं माहेर जुन्या शहरातल्या घडियाळी पोळ या वस्तीतलं, पणजोबा संस्थानच्या नोकरीतले. माझे वडील बदली होऊन आलेले रेल्वेचे क्लार्क. तिला अर्धं बडोदं ओळखायचं, याचाही मला राग होता.

बरं, नाव ठेवावं तर जागा सापडेना. नमुना घरी नेऊन ती पांढऱ्या कागदावर पालथा घालायची आणि सकाळी कागदावर पडलेल्या बीजाणूंच्या पुडीचा रंग बघायची. तोवर नाव उच्चारायची नाही. गोत्रीतल्या तिच्या घरी एकदा जेवायला गेले, तर जेवणाच्या टेबलावर लोणच्याच्या बरणीशेजारी कुजक्या लाकडाचा ढलपा. नवरा बिचारा ताट मांडीवर घेऊन बसलेला, आणि तोही कौतुकाने. माझ्या नवऱ्याने माझा नमुना कचऱ्यात टाकला होता. त्या दिवशी घरी येऊन मी त्याच्याशी उगाचच भांडले.

एका उन्हाळ्याच्या शेवटी जांबुघोड्याकडच्या एका गावातून फॉरेस्टरसाहेबांचं बोलावणं आलं. तिथे एका मोठ्या झाडाच्या सावलीत बालवाडी भरायची आणि त्या झाडाच्या खोडावर अळंबी फुटली होती. झाड धोक्याचं आहे का, एवढंच त्यांना हवं होतं. या अळंबीत दोन बहिणी, दिसायला अगदी सारख्या. एक वडाच्या मेलेल्या पारंब्यांवर राहते, तिचा त्रास नाही. दुसरी जिवंत मोहाचा गाभा खाऊन त्याला आतून पोकळ करते. सुलभाने नेहमीप्रमाणे पाठ फिरवली, वर पाहिलं. पानं वडाची, पारंब्या वडाच्या. साल खरवडली तीही वडाचीच. "वड छे, चिंता नथी," ती साहेबांना म्हणाली.

माझ्या चपलेखाली काहीतरी चुरडलं. पाहिलं तर डोळीची, म्हणजे मोहाच्या फळांची, टरफलं. आसपास दुसरा मोह नव्हता. मग मला दिसलं. वडाने कधीकाळी एका मोहाला वेढून टाकलं होतं, वर त्याची एखादीच फांदी वडाच्या पानांत दडून उरली होती, आणि अळंबी फुटली होती ती त्या वेढ्यातून डोकावणाऱ्या मोहाच्या खोडाला. इतकी वर्षं मी ज्याची वाट बघत होते ते पायाखाली पडलं होतं. मी ते साहेबांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितलं.

सुलभा वाद घालील, अशी माझी खात्री होती. मी असते तर बडोदं येईपर्यंत घातला असता. तिने दगड उचलून खोडावर ठोकला. आवाज पोकळ आला.

"साहेब, भूल मारी," ती म्हणाली. "आ बेन साचां छे. छोकरांने आजे ज खसेडो." मग माझ्याकडे वळून, "बरं झालं गं, तू होतीस."

मुलांना त्याच दिवशी हलवलं. पावसाळ्यात ते झाड मधोमध मोडलं, तेव्हा खाली कोणी नव्हतं. परतताना सुलभाने सगळ्यांना सेव-उसळ खिलवली, आणि "आज हिने मला पकडलं" असं हातगाडीवाल्यापासून ड्रायव्हरपर्यंत सगळ्यांना सांगत सुटली. मी जिंकले होते आणि मला घास गोड लागत नव्हता. हरावं कसं, तेही या बाईला माझ्यापेक्षा चांगलं जमावं?

गेल्या वर्षी सुलभा गेली. शोकसभेत जो तो उठून सांगत होता की सुलभाबेन कधी चुकल्याच नाहीत. मला ऐकवेना. मी उठले, माईक घेतला आणि तो दिवस पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितला. वड सांगितला, मोह सांगितला, टरफलं सांगितली. ती कुठे चुकली ते नीट समजावून दिलं. निवृत्त झालेले फॉरेस्टरसाहेब डोळे पुसत होते. "केवढ्या मोठ्या मनाच्या होत्या सुलभाबेन," मागून कोणीतरी म्हणालं.

मी जागेवर येऊन बसले. शेजारच्या अनोळखी बाईंनी माझा हात हातात घेतला आणि हळूच विचारलं, "तुम्ही त्यांच्याकडेच शिकलात का?"

मी हो म्हटलं.