घोरपडीच्या पोटाखाली

गाडी कुणाचीही असो, मिस्त्री तिच्या तोंडाकडे बघत नसत. कुणी नवी कोरी गाडी शेडसमोर आणून उभी केली, तिच्यावरचा हार अजून ताजा असला, मालकाने पेढ्यांचा पुडा पुढे केला, तरी मिस्त्री आधी जमिनीवर पोतं अंथरायचे, पाठीवर आडवे व्हायचे आणि हाताच्या रेट्याने स्वतःला गाडीखाली सरकवून घ्यायचे. बाहेर उरायची ती फक्त त्यांची जाड तळव्याची पायताणं. मग खालून आवाज यायचा, "त्वांड समदेच पुसत्यात. आधी पोट बघू द्या."

पेढाही ते तिथेच मागून घ्यायचे.

ही सवय त्यांनी मेंढरांकडून उचलली होती. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कळप होता. आता भावकीतले बहुतेक जण शेतीला किंवा कारखान्यात कामाला लागले होते. पण मिस्त्रींच्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, तीसेक मेंढरं राखली होती. बाभळीच्या रानातून कळप परतला की आबा एकेक मेंढरू उताणं करून त्याचं पोट चाचपायचे. "पाठीवर लोकर असती, पोटावर काय असतं?" असं मिस्त्री विचारायचे आणि उत्तरही तेच द्यायचे, "गाडीचंबी तसंच. रंग वर, मरन खाली."

भवानीनगरहून बारामतीकडे येणाऱ्या रस्त्यावर, आमच्या गावच्या दूध डेअरीला लागून त्यांची पत्र्याची शेड होती. आपल्या भागातल्या उसाच्या वाटा तुम्ही पाहिल्या असतील. ट्रॉल्यांच्या चाकांनी दोन्ही बाजूंना खोल चाकोऱ्या पडतात आणि मधे गुडघाभर वरंबा उरतो. त्या वरंब्यावर जीप घासते, तेलाचा चेंबर फुटतो आणि गाडी रानातच बसते. मिस्त्री अशा गाड्यांना खालून पत्र्याचा गार्ड बसवून द्यायचे. त्यावर साखर कारखान्यातल्या माल वाहणाऱ्या पट्ट्याचं जुनं रबर ठोकायचे, पुढची कड पायताणाच्या नाकासारखी वर वळवायचे आणि पत्रा नि चेंबर यांच्यात बोटभर जागा सोडायचे. म्हणायचे, "घासायचं थांबत न्हाय. जे घासायसाटी केलंय तेच घासू द्यायचं. पायताण झिजावं, पाय न्हाय."

मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो आणि मला सगळं कळत होतं. आमच्या घरात पंचांगाआधी पत्रकं यायची. मोर्चाची, संपाची, धरणग्रस्तांची. वडील ती मला मोठ्याने वाचायला लावायचे. त्यामुळे अन्याय दिसला की माझा हात आधी कागदाकडे जायचा. मिस्त्री मला ‘पत्रकराव’ म्हणायचे.

"काय पत्रकराव, आज कुनाला भाजलं?"

"ज्याला भाजायला हवं त्याला."

"भाजा. पन उलथून बघा मधनंमधनं. एकाच अंगानं भाकर करपती."

मी हसून सोडून द्यायचो. यंत्राखाली झोपणाऱ्या माणसाला चळवळीतलं काय कळणार, असं मला वाटायचं. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटायचं.

आता डेअरीसमोरच्या उंबऱ्याबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे गतिरोधकाला कुणी गतिरोधक म्हणत नसे, उंबराच म्हणत. सकाळी कॅन घेऊन बायाबापड्या तिथून रस्ता ओलांडायच्या. त्याच वेळेला आबा कळप घेऊन पलीकडच्या माळाला निघायचे आणि संध्याकाळी तिथूनच परत यायचे. आबांना ऐकू येत नव्हतं. मागून हॉर्न वाजला तरी ते आपले मेंढरांशी बोलत चाललेले असायचे. आधी तिथे एका सायकलवाल्याला जीपने उडवलं होतं. मग आम्ही रस्ता रोको केला, मी पत्रक लिहिलं आणि उंबरा झाला. घराच्या उंबऱ्यासारखाच, उंच आणि उभ्या कडांचा. गाड्या निमूट थांबायच्या, मगच पुढे जायच्या. तो माझ्या पत्रकाने झाला असं मी मानत होतो. मिस्त्री मात्र एवढंच म्हणाले होते, "आबा आता सुखानं रस्ता वलांडतोय."

आणि नव्वदीच्या मध्यावर घोरपड आली.

आमच्या भागातल्या एका रस्त्याच्या ठेकेदाराने मुंबईहून परदेशी स्पोर्ट्‌स कार आणली. दोनच सीटची, तांबडी, इतकी बुटकी की उसाच्या बांधाआडून फक्त आवाज यायचा. जमिनीला चिकटून सरपटणारी ती गाडी बघून डेअरीवरच्या बाया म्हणाल्या, "अगं बया, घोरपड!" नाव पडलं ते पडलंच. ज्याने आमचे रस्ते असे खडबडीत केले, त्याच्याच गाडीला ते सोसवेनात, याचा मला केवढा आनंद झाला होता! पहिल्याच आठवड्यात घोरपड उंबऱ्यावर अडकली. पुढची चाकं पलीकडे, मागची अलीकडे आणि पोट मधोमध टेकलेलं. डेअरीच्या चौघांनी ती उचलून काढली. ठेकेदार घाम पुसत म्हणाला, "उद्या रोलर आणतो आणि हा ढिगारा सपाट करतो."

रोलर त्याचा, रस्ताही त्याच्याच ठेक्यातला. अडवणार कोण?

पुढचं मला फार उशिरा कळलं. तुम्हाला आधीच सांगतो. त्या दुपारी मिस्त्री स्वतः ठेकेदाराकडे गेले. आजवर ते कुणाच्या दारी काम मागायला गेले नव्हते. म्हणाले, "शेठ, आठ दिस द्या. तुमच्या गाडीचं पोट असं करून देतो की उंबरा टिकल आन गाडीबी टिकल. पन मग उंबऱ्याला हात लावायचा न्हाय." ठेकेदाराला गाडीचाच घोर होता. तो कबूल झाला.

त्या आठ दिवसांतल्या तिसऱ्या सकाळी मी डेअरीवरून चाललो होतो. बघतो तर मिस्त्री उंबऱ्यापाशी उकिडवे बसलेले. बादलीत गेरू कालवलेला, हातात चिंधी. सबंध उंबऱ्याला त्यांनी तांबडे पट्टे ओढले होते आणि टेपने त्याची उंची मोजत होते. बाजूला घोरपड उभी आणि दाराला टेकून ठेकेदार सिगारेट ओढत होता.

तुम्ही असता तर काय समजला असता? तोडायच्या घरावर, तोडायच्या झाडावर लाल खूण करतात, हे मला माहीत होतं. मी थांबलो नाही. विचारलं नाही. मिस्त्रींनी हात वर करून हाक मारली, "पत्रकराव, या की, गंमत दावतो!" मी थुंकून पुढे गेलो.

ती गंमत अशी होती: ओल्या गेरूवरून गाडी हळूहळू नेली की पोटाला जिथे उंबरा लागतो तिथे गेरू उमटतो. मग पोत्यावर झोपून खालून बघायचं. नेमकं कुठे, किती, हे गाडी स्वतःच सांगते. आंधळ्यासारखा सगळीकडे पत्रा ठोकायचा नाही, कारण जाड पत्र्याने बुटकी गाडी आणखी बुटकी होते. बारामती-इंदापुरात असं काम करणारा दुसरा माणूस नव्हता. मी ते उभा राहून बघितलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं.

मी घरी जाऊन पत्रक लिहिलं. चांगलं लिहिलं. अजूनही त्यातली वाक्यं पाठ आहेत आणि चांगली आहेत, हेच वाईट आहे. ठेकेदाराबद्दल होतं ते सगळं खरं होतं. खाली मिस्त्रींचं नाव घालून लिहिलं होतं: ‘धनदांडग्याच्या गाडीखाली लोळता लोळता हा कारागीर आपल्याच बापाच्या वाटेवर खुणा करतो आहे.’

बारामतीत छापून घेतलं आणि दुसऱ्या सकाळी दूध घालायच्या वेळेला डेअरीवर वाटलं. वाचता येणाऱ्यांनी न येणाऱ्यांना वाचून दाखवलं. मिस्त्री कॅन घेऊन आले तेव्हा रांगेतून आवाज आला, "आलं बगा घोरपडीचं न्हावी! अंघोळ घातली का तिला?"

दुसरा म्हणाला, "पोट चोळत असतील. शेठचं का गाडीचं, इचारा."

मिस्त्रींनी दूध घातलं, झाकण लावलं आणि गेले. कुणीतरी मात्र हौसेने आबांच्या कानाशी तोंड नेऊन ते वाक्य ओरडून ऐकवलं. आबांनी काठी टेकत शेड गाठली. मी पाठोपाठच होतो, म्हणून ऐकलं.

"त्येची गाडी सोड," आबा म्हणाले.

"आबा, दोन दिसाचं काम ऱ्हायलंय."

"सोड म्हनलं ना. आपुन मेंढरं राखली, लांडगं न्हाय."

मिस्त्रींनी माझ्याकडे एकदा बघितलं. मग हातातला पाना फळीवर ठेवला.

त्यानंतर चौथ्या दिवशी रोलर आला. आधी दोन माणसांनी पहारीने उंबरा खणून काढला, मग रोलर फिरला, वर डांबर पडलं. जेवणाच्या सुट्टीआधी रस्ता आरशासारखा झाला. माझं म्हणणं खरं ठरलं होतं. ते सांगायला, खरं सांगतो, जिंकल्याच्या थाटात, मी शेडवर गेलो.

भिंतीला टेकून एक गार्ड उभा होता. पातळ, रुंद, कड वळवलेली, रबराच्या पट्ट्या बसवलेल्या. शेवटची दोन भोकं पाडायची राहिली होती.

"हे काय?" मी विचारलं.

मिस्त्रींनी सगळं सांगितलं. आवाज न चढवता, गार्डवरची धूळ पुसत. गेरू, टेप, ठेकेदाराशी झालेली बोली.

"मग तुम्ही बोलला का नाहीत? आबांना तरी सांगायचं!"

"आबाला सांगितलं असतं की तुज्या वाटंसाटी त्येच्या दारात गेलतो, तर आबानं मेंढरं इकली असती. म्हनला असता, माज्यापायी वाकलास व्हय."

"मी दुसरं पत्रक काढतो. उद्याच. माफीचं."

"काढा. पन त्यानं उंबरा व्हतो का?"

मी पुन्हा रस्ता रोको करायचं ठरवलं. घरोघर हिंडलो. पण उसाची तोड सुरू झाली होती, कुणाला सवड नव्हती. आणि रस्ता इतका गुळगुळीत झाला होता की लोकांना तो आवडू लागला होता. "आता पाठ दुखत न्हाय राव," असं दूध घालणाऱ्यानेच मला सांगितलं. रस्त्यावर आम्ही तिघे बसलो. ट्रॉलीवाल्यांनी आम्हाला वळसा घातला.

पंधरा दिवसही गेले नाहीत. सकाळी, दूध घालायच्या वेळेला, माणसं कोंबून नेणारी वडापची जीप वेगात आली. चालकाने हॉर्न वाजवला होता, हे सगळ्यांनीच सांगितलं. आबा कळपाच्या मधे होते. नऊ मेंढरं गेली. आबांची मांडी मोडली. मी पोचलो तेव्हा मिस्त्री नव्या डांबरावर बसले होते, आबांचं डोकं मांडीवर घेऊन, आणि आबा परत परत विचारत होते, "समदी वलांडली का? समदी वलांडली का?"

मिस्त्री त्यांच्या कानाशी वाकून म्हणाले, "व्हय आबा. समदी."

उरलेली मेंढरं विकली. शेडचे पत्रे उतरले. मिस्त्री बिऱ्हाड घेऊन बावड्याला, सासुरवाडीला गेले. घोरपड ठेकेदाराने वर्षाच्या आत विकून टाकली. कंटाळा आला म्हणे. माझ्या गावात मला कुणीही दोष दिला नाही. उलट म्हणाले, तू तर आधीच लिहिलं होतंस. त्याहून मोठी शिक्षा मला अजून मिळालेली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मी बावड्याला गेलो. पिशवीत माफीच्या पत्रकाचा गठ्ठा होता. मिस्त्रींच्या बायकोने पाणी दिलं. त्या मला ओळखत होत्या. घरामागे ट्रॉल्यांच्या दुरुस्तीचं गॅरेज होतं आणि तिथून घणाचे ठोके ऐकू येत होते.

"येतील का?" मी विचारलं.

त्या मागच्या दाराने गेल्या. ठोके थांबले. मग पुन्हा सुरू झाले. त्या परत आल्या आणि नजर चुकवत म्हणाल्या, "काम हाय म्हनत्यात."

मी पिशवीतून एक पत्रक काढून त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी हात पदरात घेतले. "कागद नगो, भाऊ."

ओट्यावर आबा बाजेवर पडून होते. मोडलेला पाय सरळ, कडक. मी निघालो तेव्हा त्यांनी चाहूल लागल्यासारखी मान वळवली आणि माझं मनगट धरलं. मी कोण, हे त्यांनी विचारलं नाही. बहुधा येणाऱ्या प्रत्येकाला ते एकच विचारत असावेत.

"रस्ता नीट वलांडलास न्हवं?"

एसटीने मला घराच्या बाजूलाच सोडलं होतं. मी रस्ता ओलांडलाच नव्हता. तरी मी वाकलो आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन जमेल तेवढ्या मोठ्याने म्हणालो, "व्हय, आबा."

मागे घणाचे ठोके चालूच होते.