सातव्या नंबरावर कोण

भारताच्या टीममध्ये सातव्या नंबरावर कोण पायजे, हे मला टीम निवडणाऱ्या साहेबांच्या आधी कळतं. आमच्या गावच्या टीममध्ये सातव्या नंबरावर कोण नको, हे मात्र गावातल्या शेळ्यांना कळलं तरी मला कळलं नव्हतं.

चौथीत मी शाळा सोडली. शाळेला विचारलं तर ती म्हणेल आमीच सोडलं त्याला. आता भाताचं काम उरकलं की टेंपो चालवतो. टीमचा कॅप्टन पण मीच, कारण अकरा जणांना सामानासकट खालापूरला न्यायचं तर टेंपोवाल्याला नाराज करून चालत नाय.

टीव्हीवर भारताची टीम जाहीर झाली की नाक्यावरच्या टपरीत माझं चालू होतं. बॅटिंगवाला ऑलराउंडर घ्यावा का बॉलिंगवाला? मी सांगतो, बॅटिंगवाला म्हणजे भात लावणारा गडी, थोडं गवंडीकाम येणारा. त्यानं बांधलेली भिंत उभी राहील, पण तिला टेकून बसू नये. बॉलिंगवाला म्हणजे गवंडी, चार ओळी भात लावता येणारा. आता घर बांधायचंय का भात लावायचाय, ते आधी ठरवा. पाच दिवसांची मॅच जिंकायची तर समोरचे वीस गडी काढायला लागतात, तिथं गवंडीच पायजे. पण टीमला आपलीच पडझड होईल अशी धास्ती असली की ती गुपचूप बॅटिंगवाला घेते. वर सांगतात समतोल साधला. समतोल कसला, भ्याले.

हे सगळं दुसऱ्यांच्या टीमबद्दल. फुकटचा चहा पिऊन.

गेल्या हंगामात खालापूरच्या बाजूला टेनिस बॉलची स्पर्धा होती. आठ ओव्हरची मॅच, हरलं की घरी. एका बॉलरला दोनच ओव्हर, म्हणजे चार बॉलर लागणार. तीन पक्के होते. राहिलेल्या एका जागेला दोघं होतो. एक मी, वय चव्वेचाळीस, बॅटिंग करून थोडी फिरकी टाकणारा. दुसरा आमच्याच आळीतला, कशेळे लाइनवर जीप चालवतो तो. तिशीतला पोरगा, बॉल जिथं टाकायचा तिथंच टाकतो, आणि वेळ पडली तर दोन सिक्स पण मारतो.

"दादा, तिथलं ग्राउंड मोठं हाय. मला टाकू दे," जीपवाला म्हणाला.

"आरं, पण पडझड झाली तर? सातव्याला बॅट्समन पायजे."

"आठ ओव्हरमधी कसली पडझड रं?" आमचा कीपर म्हणाला. "सातव्याची बॅटिंग यायच्या आधी मॅच संपते."

"मंग विकेटा मोजा," मी म्हटलं. "या हंगामात सगळ्यात जास्त कोणाच्या?"

विकेटा माझ्याच जास्त होत्या. आमच्या शेतातल्या पीचवर मी पोरांना नाचवत होतो, येणाऱ्या गावांना पण. मी माझं नाव टीममध्ये घातलं. खरं सांगायचं तर पडझडीची मला काय चिंता नव्हती. चव्वेचाळिसाव्या वर्षी माणूस एकदा बाहेर बसला की त्याला परत कोणी आत बोलवत नाय, ती धास्ती होती.

खालापूरला आमची बॅटिंग बरी झाली. सातव्याला मी गेलो, एक बॉल खेळलो, तो पण त्यांच्या कीपरनं धरला. मंग माझी ओव्हर आली. नेहमीसारखा ऑफ स्टंपच्या बाहेर टाकला. समोरच्यानं आरामात त्याच बाजूला चार मारले. परत तिथंच टाकला, सिक्स. तिसरा पण सिक्स. मला कळेना, याला भीती कशी वाटत नाय?

जीपवाला पाणी घेऊन आला. बाटली माझ्या हातात दिली आणि हळूच म्हणाला, "दादा, हितं वाल नाय."

मी बाटली तोंडाला लावली ती तशीच राहिली.

आमच्या पीचच्या ऑफच्या बाजूला चुलतीचं वालाचं शेत हाय. भात निघालं की ती वाल टाकते. बॉल वालात गेला की बॅट्समन आउट, हा आमचा नियम, कारण चुलती बॉल देत नाय आणि वर बापजाद्यांचा उद्धार करते. म्हणून आमच्याकडं कोणी त्या बाजूला मारतच नाय. मारलाच तर आउट. आणि मी सगळा हंगाम बॉल टाकायचो तिकडंच. मोठमोठ्या टीमचे बॉलर पण घरच्या मैदानावर राजे असतात आणि परदेशात उघडे पडतात, तेव्हा टपरीत मीच हसायचो. माझं परदेश घरापासून टेंपोनं तासाभरावर निघालं.

त्या ओव्हरला सव्वीस गेले. मॅच पण गेली. येताना टेंपोत मागं पोरं उद्याच्या कामाचं बोलत होती. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. जीपवाला पुढं माझ्या शेजारी बसला होता. तो बाहेर बघत होता. त्याची दोन ओव्हरची जागा मी खाल्ली होती, आणि त्यानं ते एकदा पण काढलं नाय.

पुढच्या रविवारी नेरळला मॅच होती. निघायच्या आधी मी सगळ्यांना गोल उभं केलं. रात्रभर विचार केला होता. म्हटलं, "पोरांनो, टीमच्या भल्यासाठी कधी कधी मोठ्या खेळाडूनं मागं सरायला लागतं. आज माझ्या जागेवर हा खेळेल. मी बारावा."

कोणी टाळ्या वाजवल्या नाय. जीपवाला बुटाची नाडी बांधत होता. मान वर न करताच म्हणाला,

"बारावा आमी कालच ठरवलाय, दादा. तेरावा पण ठरवलाय. तू फक्त टेंपो काढ."