डिंकोबांचं डुलणारं पात्र

वस्तुसंग्रहालयात त्यांना सगळे डिंकोबा म्हणत. हजारो वर्षांपूर्वी कुणाच्या तरी हातून फुटलेली मडकी जोडणं हे त्यांचं काम. फोडणाऱ्याला तेव्हा कुणी बोललं असेल-नसेल, निस्तरत बसले एकतीस वर्षं हे! ब्रश, वाळूचा ट्रे, डिंकाची बाटली आणि अंगात एवढी चिकाटी, की कधीकधी खुर्चीही त्यांच्याबरोबर उठायची.

दालनाच्या मधोमध, काचेच्या पेटीत, त्यांच्या आयुष्याची कमाई होती. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एकशे बारा खापऱ्या जोडून उभं केलेलं पात्र. रुंद तोंड, गोल बूड, बुडाशी बोटभर भोक आणि शेजारी एक मोडका खुंट. त्यावर एका विद्वानांनी चाळीस पानं लिहिली होती: हे पूजेचं पात्र, भोकातून धरणीला पेय अर्पण करत असणार. पात्र मात्र कधी धड बसलं नाही. जरा धक्का लागला की डुलायचं. म्हणून डिंकोबांनी त्याखाली भाजलेल्या मातीचं कडं करून घातलं होतं.

निवृत्तीला चार दिवस उरले, तेव्हा बायको पहिल्यांदा ते बघायला आली. एरवी म्हणायची, "घरात घासायला भांडी काय कमी आहेत, की तिथे येऊन आणखी बघू?"

पेटीसमोर उभी राहून तिनं मान वाकडी केली.

"अहो, हे झाकण आहे."

"हळू बोल! पूजेचं पात्र आहे ते."

"असेल. पण उलटं ठेवलंय. हा खुंट म्हणजे तुटलेली मूठ. भोक वाफ जायला. आणि काजळी बघा, नुसती काठाला."

"चाळीस पानं लिहिलीत यावर!"

"लिहिणाऱ्यानं कधी काही शिजवलं होतं का?"

डिंकोबांच्या पायाखालची फरशी सरकली. काजळीच्या खापऱ्या त्यांनीच तर एकेक करून चिकटवल्या होत्या! निरोपसमारंभाच्या पत्रिकेवरही याच पात्राचा फोटो. गप्प राहिलं तर टाळ्या घेऊन घरी जाता येईल. बोललं तर पहिलंच काम चुकलेलं ठरेल, आणि मग लोक उरलेल्या तीनशे मडक्यांकडेही मान वाकडी करून बघतील.

दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. बायको फक्त म्हणाली, "मी काही म्हणत नाही." आणि ती काही म्हणत नसली की घरात दुसरं काही ऐकूच येत नसे.

तिसऱ्या दिवशी ते संचालकबाईंसमोर उभे राहिले. बाई त्याच विद्वानांच्या विद्यार्थिनी.

"तुमची खात्री आहे?"

"माझी नाही बाई, बायकोची आहे. माझी असती तर एकतीस वर्षं गप्प बसलो नसतो."

बाईंनी चष्मा पुसला. "उघडा पेटी."

डिंकोबांनी कडं काढलं, पात्र उचललं आणि श्वास रोखून पालथं घातलं. बोटानं ढकललं. हललं नाही. बाईंनी ढकललं. तरी नाही.

"म्हणजे परवाच्या भाषणात मी हे सांगायचं?" बाईंनी विचारलं.

"सांगा. फक्त झाकण कुणी ओळखलं तेही सांगा."

संध्याकाळी त्यांनी ते कडं बायकोपुढे ठेवलं.

"हे काय आणलंत?"

"तिथे आता लागत नाही."

तिनं ते ओट्यावर ठेवलं आणि चुलीवरचं गरम पातेलं त्यावर टेकवलं.

"बरं बसतंय की," ती म्हणाली. "चला, जेवून घ्या."

डिंकोबा त्या दिवशी दोनदा वाढून घेऊन जेवले.