आधीच भरलेलं उत्तर

सुरतेत एका लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत मी काम करत होते. कारखान्यातल्या सांडपाण्याच्या टाक्यांवर विषारी वायू मोजणारी यंत्रं असतात. त्यांचे आकडे वाचून भोंगा वाजवणारा प्रोग्रॅम आम्ही बनवला होता. तो गिऱ्हाइकाच्या कॉम्प्युटरवर बसवायचं पॅकेज करणं हे माझं काम.

बसवताना माझी स्क्रिप्ट विचारायची, सेटिंगची फाइल कुठे ठेवायची? पुढे एक उत्तर आधीच भरलेलं असायचं. पटत असेल तर नुसतं एंटर दाबायचं. सगळे एंटरच दाबतात, हे मला पक्कं ठाऊक होतं.

सेटिंगसाठी सिस्टिममध्ये राखीव जागा असते. पण तिथे लिहायला परवानगी लागते. ती नसली की पॅकेज अडायचं आणि कारखान्यातून फोन सुरू व्हायचे. त्या फोनांना मी वैतागले होते. म्हणून एका दुपारी मी ते उत्तर बदललं आणि तात्पुरत्या फायलींचं फोल्डर भरून टाकलं. तिथे कुणालाही लिहिता येतं. फोन बंद झाले. शेठनी माझं कौतुक केलं. कॉम्प्युटर बंद होऊन चालू झाला की ते फोल्डर रिकामं होतं, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण हे कॉम्प्युटर कोण बंद करतंय, असं वाटलं.

माझे मामा शहराबाहेरच्या सचिन औद्योगिक वसाहतीत, कापड रंगवणाऱ्या एका डाइंग युनिटमध्ये सांडपाण्याच्या टाकीवर होते. धुळ्याकडून तरुणपणी आलेले, उधन्यात राहायचे. आमचा प्रोग्रॅम त्यांच्याकडे बसला तेव्हा ते सुपरवायझरला म्हणाले होते, "हाई मनी भाचीनी बनाडेल शे." मग घरी येऊन तेच आईला दोनदा सांगितलं.

एका सकाळी तिकडची वीज गेली आणि अर्ध्या तासाने आली. मामा जाळी साफ करायला टाकीपाशी उतरले. भोंगा वाजत नव्हता, म्हणजे हवा ठीक आहे असं समजून उतरले. वरच्या माणसाने हाक मारली तेव्हा ते उत्तर देत नव्हते.

जीव वाचला. पण मेंदूला हवा कमी पडली होती. दवाखान्यातून आले तेव्हा हात थरथरत होते आणि मामी कोण हे त्यांना आठवून आठवून सांगावं लागत होतं.

तपासायला शेठनी मलाच पाठवलं. फोल्डर उघडलं. रिकामं. वायू किती वाढला की भोंगा वाजवायचा, ही सुपरवायझरने सेटिंगमध्ये घातलेली मर्यादा वीज गेली त्याबरोबर पुसली गेली होती. सेटिंग सापडली नाही म्हणून प्रोग्रॅम मी चाचणीपुरत्या लिहिलेल्या आकड्यावर चालू झाला होता. ऑफिसात टेबलावर चाचणी करताना भोंग्याचा त्रास नको म्हणून मी तो आकडा भरमसाट ठेवला होता.

शेठना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "नवुं पॅकेज मोकली दे. बीजी वात कोईने नई करवानी." म्हणजे नवं पाठवून द्यायचं, बाकी कुणाला काही बोलायचं नाही.

नवं पॅकेज मी केलं. सेटिंग राखीव जागेत, आणि सेटिंग सापडली नाही तर प्रोग्रॅम चालूच न होता भोंगा वाजवत राहील असं. मग प्रत्येक कारखान्यात स्वतः गेले. हजिऱ्याकडे दोन ठिकाणी फोल्डर रिकामं सापडलं. तिथली माणसं रोज त्या टाक्यांपाशी जात होती.

मामांच्या कारखान्याने दरम्यान चौकशी उरकली. अहवालात लिहिलं, कामगाराचा निष्काळजीपणा. मामीने तो कागद मला वाचायला दिला, कारण गुजराती तिला वाचता येत नव्हतं. मी वाचला, आणि मग बाकीचं सांगितलं. मामा शेजारीच पलंगावर बसले होते, पंख्याकडे बघत.

मामी रडली नाही. तिने विचारलं, "मंग त्यासना दोस नव्हता?"

"नव्हता मामी. माझा होता."

"हाई तू लिखी दे. सही करीसन."

मी तिथेच लिहून दिलं. कुठलं फोल्डर, कुणी निवडलं, का निवडलं. नोकरी त्याच आठवड्यात गेली. मामी तो कागद घेऊन कामगार खात्यात इतक्या वेळा गेली की तिथला शिपाई तिला पाणी आणून द्यायला लागला. काही महिन्यांनी खात्याने अहवालातला निष्काळजीपणा खोडला आणि यंत्रणेतला दोष असं लिहिलं. मामांना ते वाचून दाखवलं. त्यांनी मान हलवली, कशाला ते कळलं नाही.

आता मी रविवारी जाते. मामांची दाढी करून देते, हात धरून गल्लीच्या टोकापर्यंत नेते. मामी दार उघडते, चहा ठेवते, पण माझ्याशी कामापुरतंच बोलते. एकदा मी माफी मागायला लागले तर तिने भाजी चिरता चिरता सांगितलं, "ऱ्हाऊ दे. त्यासले जेवाड."

मी ताट घेऊन त्यांच्यापुढे बसले.