तंबूंच्या मागावर शांतवन

कोल्हारचा शांतवन साळवे मागच्या हिवाळ्यात पहिल्यांदा परदेशात गेला, तो सरकारी मदतपथकातून. शेजारच्या डोंगराळ देशात भूकंप झाला होता, आणि तीस वर्षं सरकारी भांडार सांभाळलेला माणूस म्हणून त्याला सोबत धाडलं होतं. विमानातून तंबू उतरले, तिथल्या अधिकाऱ्यांनी पोच दिली, चार दिवसांनी पथक परतलं. गावात सत्कार झाला.

शांतवनला मात्र चैन पडेना. तिथून निघताना डोंगरातल्या वरच्या गावातल्या एका नर्सनं त्याला विमानतळाच्या फाटकावर गाठलं होतं. "आमच्या बाळंतिणी उघड्यावर आहेत. तंबू कधी येणार?" दुभाष्यानं सांगितलं. तंबू तर केव्हाच उतरले होते. "येतील," म्हणून तो विमानाकडे वळला होता.

"अवो, घास हातात घिऊन कुठं बघताय? जेवा की," बायको स्टेला म्हणायची. तो जेवणावरून उठून अंगणात येरझाऱ्या घालायचा.

शेवटी त्यानं पथकप्रमुख रोहिणी मॅडमना फोन लावला.

"साळवे, देश त्यांचा आहे. वाटप त्यांनी करायचं," त्या म्हणाल्या.

"वाटप त्यांनीच करावं, मॅडम. पण तंबू कुठं आहेत, एवढं तरी आपण विचारायचं का न्हाई?"

मॅडमनी परवानगी काढली आणि पंधरा दिवसांनी पाहणीसाठी दोघं तिकडे गेले. एका जिल्ह्याच्या शाळेत तंबूंचं नुसतं कापड रचलेलं होतं, दुसऱ्या जिल्ह्यात नुसते खांब. वेगवेगळ्या खोक्यांत बांधलेला माल वेगवेगळ्या वाटांनी गेला होता. आणि तसा बांधायला सांगितलं होतं शांतवननंच; विमानात जागा वाचावी म्हणून.

तो ट्रकमधून खांब आणि कापड घेऊन वरच्या गावी गेला, लोकांबरोबर तंबू उभारू लागला. नर्सनं त्याला ओळखलं. "थंडीनं एक बाळ गेलं," तिनं सांगितलं. त्याला तोंड वर करवेना.

अहवालात त्यानं आपली चूक नावानिशी लिहिली. "नाव कशाला घालता?" मॅडमनी विचारलं.

"न्हाईतर पुढचा माणूस पुन्हा असंच बांधंल."

आता आख्खा तंबू एकाच गाठोड्यात जातो, आणि शेवटच्या गावापर्यंत पोचल्याचं पाहायला पथकातला एक जण मागं थांबतो. पुढच्या वेळी थांबायला शांतवननं आपलं नाव दिलं आहे. स्टेलाला ते त्यानं भीतभीतच सांगितलं.

"जावा," ती म्हणाली. "हितं तरी तुमी कुठं असताय?"